हेडफोनसाठी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर : आधी सुरक्षित पॉवर सप्लाय, मग बाकीचं

काचेचा_दिवा

मंडळी, व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळीच्या, जुन्या पद्धतीच्या) हेडफोन अँपचा नकाशा, म्हणजे सर्किटचं चित्र, टाका अशी मागणी बरेच दिवस आहे. टाकतो, पण आधी पॉवर सप्लाय, आणि तोही सावकाश. घरी बनवलेल्या स्पीकरच्या अँपमध्ये बिघाड झाला तर स्पीकर जळतो. हेडफोनच्या अँपमध्ये बिघाड झाला तर त्याची वायर तुमच्या डोक्यापर्यंत आलेली असते. म्हणून हा सप्लाय आखताना मी प्रत्येक भागापाशी एकच प्रश्न विचारतो : हा भाग मेला तर इथलं व्होल्टेज कुठे जाईल? उत्तरात डबा, जॅक किंवा कान आला, की तिथे आणखी एक अडसर हवाच.

अँप असा आहे : दोन्ही चॅनेलच्या गेनसाठी (सिग्नल वाढवायला) मिळून एक ईसीसी८२ व्हॉल्व्ह, आणि आउटपुटला प्रत्येक चॅनेलमागे एक ईसीसी९९, व्हाइट कॅथोड फॉलोअर पद्धतीने (व्हॉल्व्हचे दोन अर्धे एकावर एक जोडून, आउटपुट वरच्याच्या कॅथोडवरून). ३०० ओहमच्या हेडफोनला हा छान चालतो. एकूण लागतात एचटीला, म्हणजे व्हॉल्व्हच्या उंच डीसी व्होल्टेजला, २०० व्होल्टवर साधारण ३० मिलिअँपिअर आणि फिलामेंटला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, १.९ अँपिअर.

ट्रान्सफॉर्मर ४० व्हीएचा. एक सेकंडरी १८० व्होल्ट १०० मिलिअँपिअर, दुसरी ६.३ व्होल्ट २.५ अँपिअर. १८० च्या वाइंडिंगवर चार यूएफ४००७ डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारी जोडणी), मग १०० मायक्रोफॅरड, १ किलोओहम ५ वॅट, पुन्हा १०० मायक्रोफॅरड, ४७० ओहम २ वॅट, शेवटी २२० मायक्रोफॅरड. पहिल्या कपॅसिटरवर सुमारे ३ व्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लाट) असतो, दुसऱ्यावर ५० मिलिव्होल्टच्या आत येतो आणि शेवटच्यावर १ मिलिव्होल्टच्याही खाली जातो. चोक नाही, रेग्युलेटर नाही, तरी हेडफोनमध्ये शांतता मिळते.

आता कपॅसिटरचं व्होल्टेज. बरेच जण १८० ला १.४१४ ने गुणतात, २५४ येतात, आणि ३५० व्होल्टचे कपॅसिटर आणतात. पण लहान ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना १०-१५ टक्के जास्त देतो, आणि रात्री लाइन २५० च्या वर गेलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १८० गुणिले १.१५ गुणिले १.१ गुणिले १.४१४ म्हणजे ३२२ व्होल्ट. ही स्थिती क्वचितची नाही. डायोड बटण दाबताच चालू होतात, व्हॉल्व्ह तापायला १५-२० सेकंद घेतात, तेवढा वेळ सप्लाय जवळपास रिकामाच असतो. म्हणजे कपॅसिटरला हा ताण रोज, प्रत्येक वेळी बसतो. तिन्ही ४५० व्होल्टचेच घ्या.

ब्लीडर (बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) तिन्ही कपॅसिटरना वेगवेगळे, प्रत्येकी २२० किलोओहम २ वॅट. एकच मोठा ब्लीडर शेवटी लावला तर काय बिघडलं? मधला १ किलोओहम उघडा पडला की पहिला कपॅसिटर एकटा भरलेला राहतो आणि त्याला रिकामं व्हायला वाटच उरत नाही. अँप बंद, प्लग काढलेला, आणि आत २५० च्या वर व्होल्ट तसेच बसलेले. तीन ब्लीडर असले की बंद केल्यावर साधारण मिनिटभरात सगळं ५० व्होल्टच्या खाली येतं. तरीही आत हात घालण्याआधी मीटर लावायचाच.

फ्यूज दोन. प्रायमरीला फेजमध्ये ३१५ मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो (क्षणिक झटका सोसणारा). दुसरा १८० च्या वाइंडिंगमध्ये, ब्रिजच्या आधी, १२५ मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो. हा दुसरा लोक गाळतात. ३१५ मिलिअँपिअर गुणिले २३० म्हणजे ७२ व्हीए. एखादा कपॅसिटर गळका होऊन एचटी नेहमीच्या तिप्पट करंट खेचू लागली, तरी प्रायमरीचा फ्यूज तसाच राहील आणि ४० व्हीएचं वाइंडिंग आत भाजत बसेल.

अर्थिंग : वायर डब्यात शिरताच पहिल्याच स्वतंत्र बोल्टला. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला नाही, जॅकच्या नटाला नाही. रंग खरवडून, दातेरी वॉशर टाकून, क्रिम्प केलेल्या लगने. आणि ही वायर फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवा. कुणी कॉर्ड ओढून उपटली तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटला पाहिजे.

नवीनच_आलोय

दादा, खूप सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. मी होस्टेलवर राहतो, इलेक्ट्रॉनिक्सचं दुसरं वर्ष. दोन प्रश्न आहेत. एक, आमच्या मजल्याच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे, मग एवढी काळजी लागते का? दुसरं, २३० थेट ब्रिजला दिले तर ३२५ व्होल्ट डीसी फुकट मिळतात, एका व्हिडिओत तसंच केलंय. ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचेल.

रेडिओमेकॅनिक

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही.

पूर्वी एसी-डीसी रेडिओ येत. यूसीएच, यूबीसी, यूएल, यूवाय असे यू अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह, फिलामेंट सगळे सिरीजमध्ये, ट्रान्सफॉर्मर नाहीच. त्या सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) थेट लाइनच्या एका वायरला जोडलेली असायची. प्लग उलटा बसला की अख्खी चासी फेजवर. म्हणून ते सेट लाकडाच्या किंवा बेकेलाइटच्या पेटीत बंद असत, नॉब प्लास्टिकचे, नॉबचा स्क्रूसुद्धा बोटाला लागू नये म्हणून मेण भरलेला. बाहेर धातू दिसू द्यायचा नाही हाच त्या डिझाइनचा पाया होता. हेडफोनचा जॅक म्हणजे बाहेर आलेला धातूच. तिथे ती पद्धत नेलीस तर २३० व्होल्टची एक वायर तू गळ्यात घालतोस.

दोन स्वतंत्र वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मरच हवा. ऑटो-ट्रान्सफॉर्मर, स्टॅबिलायझर, व्हेरिअ‍ॅक यांनी लाइनपासून सुटका होत नाही, हेही लक्षात ठेव.

काचेचा_दिवा

काकांना पूर्ण अनुमोदन.

आरसीसीबीबद्दल मात्र नीट समजून घे, कारण हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही आहे. आरसीसीबी फक्त एवढंच बघतो की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही. तू डब्यातल्या प्रायमरीला हात लावलास आणि करंट तुझ्यातून जमिनीत गेला, तर तो पडेल. पण एचटी ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आहे. एक हात २५० व्होल्टवर आणि दुसरा चासीवर असेल, तर करंट तुझ्या छातीतून फिरून सेकंडरीलाच परत जातो. प्रायमरीला ते नेहमीच्या लोडसारखंच दिसतं. आरसीसीबी पडणार नाही. एचटीच्या झटक्यापासून घरातलं कोणतंही उपकरण तुला वाचवत नाही. वाचवतो तो ब्लीडर, झाकण, मीटर, आणि एक हात खिशात ठेवायची सवय.

आरसीसीबी घरात असावाच, तो दुसऱ्या धोक्यासाठी आहे.

शंभर_हर्ट्झ

उत्तम धागा. हमबद्दल थोडी भर.

लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी डबी) आणि हा अँप एकत्र जोडले की पुष्कळदा घुंईऽ असा आवाज येतो. मग कुणीतरी सल्ला देतं, अर्थची पिन काढून टाका. आवाज जातोही, आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय. पण त्या क्षणापासून प्रायमरीचं इन्सुलेशन फाटलं तर चासी, व्हॉल्यूमचा नॉब आणि जॅक सगळं फेजवर.

योग्य उपाय असा. चासी अर्थला पक्की, कायमची. सिग्नलची ग्राउंड चासीला एकाच ठिकाणी जोडायची, मधे १० ओहम, आणि त्याला समांतर ३५ अँपिअरचा मेटल ब्रिज, दोन्ही एसी टोकं एकत्र आणि प्लस-मायनस एकत्र करून. लहानशा लूप व्होल्टेजला १० ओहम दिसतात, हम मरतो. मोठा फॉल्ट आला तर ब्रिजचे डायोड व्होल्टभरात उघडतात आणि सगळा करंट अर्थला नेतात, फ्यूज उडतो. इथे १ अँपिअरचे डायोड लावू नका. फ्यूजच्या आधी तेच उडाले तर संरक्षण संपलं.

लॅपटॉपच्या दोन पिनी अ‍ॅडॅप्टरमुळे धातूच्या भागाला झिणझिण्या येतात, त्या अ‍ॅडॅप्टरमधल्या फिल्टर कपॅसिटरच्या गळतीमुळे. अर्थ केलेला अँप जोडला की त्या जातात.

कुडाळी_माणूस

आमच्याकडे कोकणात एक वेगळीच गोष्ट, पावसाळा. जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की धूळ बसलेला बोर्ड ओलसर होऊन एचटीची गळती सुरू होते. व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांच्या तयार बोर्डावर) दोन पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर २५० व्होल्ट शेजारी-शेजारी ठेवणं मला कधीच पटलं नाही. मी टॅगस्ट्रिप (सोल्डर करायच्या सुट्या टोकांची पट्टी) वापरतो. बोर्डच वापरायचा असेल तर मधल्या दोन-तीन पट्ट्या सोलून काढा. आणि लाइनचा भाग व बाकी सर्किट यांत निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा.

अर्थच्या बोल्टला गंज चढतो. पावसाळा संपला की मी तो उघडून, घासून पुन्हा आवळतो.

एक प्रश्न. आमचं घर जुनं, काही सॉकेटमध्ये तिसरी पिन आहे पण मागे वायर आहे का याचीच शंका. तपासायचं कसं?

रेडिओमेकॅनिक

मीटरने तिन्ही जोड्या मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. पण मीटर करंट खेचत नाही, त्यामुळे अर्धवट तुटलेली अर्थही त्याला चांगलीच दिसते. खरी परीक्षा वायरमन करतो : १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये, पूर्ण उजेड पडला पाहिजे. आरसीसीबी असेल तर तो लगेच पडेल, आणि पडला म्हणजे अर्थ आहे. ही चाचणी माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

आणि एक. भार चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य दिसलं तर सॉकेट उघडून बघा. कुणीतरी न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या पिनला जोडलेला असू शकतो. मागे न्यूट्रल तुटला की त्याच तुकड्यातून अँपची चासी फेजवर येते. अर्थ नसण्यापेक्षा हे वाईट.

अर्थ नसेल तर ती आधी करून घ्या. अँप थांबेल.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितेय. इथला प्लग कसाही फिरवून बसतो, त्यामुळे फेज कुठल्या बाजूला हे ठरलेलंच नसतं. भारतात तीन पिनी सॉकेटमध्ये समोरून पाहता फेज उजवीकडे असायला हवा, पण सॉकेट जोडणाऱ्याने ते पाळलं असेल असं धरून चालू नका. म्हणून बटण दोन पोलचंच घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारं. फ्यूज मात्र डब्याच्या फेजच्या बाजूलाच.

आणि बटण बंद असलं तरी इनलेटच्या मागच्या टॅबवर २३० असतातच. उष्णतेने आकसणारी नळी चढवा, झाकण उघडायच्या आधी कॉर्ड काढा.

नवीनच_आलोय

थेट ब्रिजचा विचार सोडला. पण खास ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेणं बजेटमध्ये बसत नाहीये. मुंबईत लॅमिंग्टन रोडला १२ व्होल्टचे साधे ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतात. दोन पाठीला पाठ लावले तर?

काचेचा_दिवा

चालतात, आणि सुरक्षितही आहेत, कारण दोन्हींत वाइंडिंग वेगळी असतात. पहिला ०-१२ व्होल्ट ३ अँपिअर. त्याच्या १२ व्होल्टवर दुसरा ०-१२ व्होल्ट २ अँपिअरचा उलटा जोडायचा. दुसऱ्याच्या २३० च्या बाजूला पूर्ण २३० येणार नाहीत, १८० ते २०० येतील. कारण बनवणाऱ्याने लोडवर पडणारं व्होल्टेज भरून काढायला सेकंडरीचे वेढे थोडे जास्त दिलेले असतात, उलटं चालवलं की तेच आपल्या विरुद्ध जातं. आपल्याला १८० च हवे होते, म्हणजे वरचा सप्लाय तसाच बसतो. फिलामेंट मधल्या १२ व्होल्टवर : ईसीसी८२ आणि ईसीसी९९ दोन्ही १२.६ व्होल्टला जोडता येतात, मिळून १ अँपिअरच्या आत.

याहून सोपी वाट, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा बीआयएस खूण असलेला तीन पिनी अ‍ॅडॅप्टर आणि डब्यात १२ चे २०० करणारा बूस्ट कन्व्हर्टर. २३० डब्यात येतच नाही, होस्टेलसाठी हे मला जास्त आवडेल. तीन पिनी असला तरी सगळ्या अ‍ॅडॅप्टरचा आउटपुट अर्थला जोडलेला नसतो, म्हणून डब्याला अर्थची वेगळी वायर द्या. एचटीचे २०० व्होल्ट मात्र तितकेच जीवघेणे राहतात, तिथे सवलत नाही.

आणि पहिलाच प्रोजेक्ट असेल तर उंच व्होल्टेज टाळण्यातही काही कमीपणा नाही. अँप डिझायनर पीट मिलेट यांचा ४८ व्होल्टवर चालणारा हायब्रिड आहे, व्हॉल्व्ह आणि मॉस्फेटचा. ऐकायला सुंदर आहे.

मध्यमावती

एक मोठा मुद्दा अजून राहिलाय, आउटपुटचा कपॅसिटर. या सर्किटमध्ये वरच्या कॅथोडवर सुमारे १०० व्होल्ट असतात. ते आणि कान यांच्यामध्ये फक्त हा एक कपॅसिटर. धागालेखकांच्याच प्रश्नाने बघू या : तो शॉर्ट झाला तर?

हेडफोन नीट जोडलेला असेल तर व्हॉल्व्ह काही दहा मिलिअँपिअर देईल, हेडफोनची कॉइल तापेल, कदाचित जळेल. पण हेडफोनची कॉमन वायर जॅकपाशी तुटलेली असेल, तर करंटला परतीची वाटच नाही, आणि कॉइलपासून वायरपर्यंत सगळं १०० व्होल्टवर तरंगतं. कानाला घाम आलेला असताना.

मी असं करते. कपॅसिटर फिल्मचा, ४७ मायक्रोफॅरड ४०० व्होल्ट. ३०० ओहमला ११ हर्ट्झपर्यंत उतरतो, पुरे. इलेक्ट्रोलिटिक इथे नको. त्यानंतर जमिनीला १० किलोओहम, म्हणजे कपॅसिटरची हेडफोनकडची बाजू हेडफोन नसतानाही शून्यावर राहते. मग रिले. विश्रांतीत असताना रिले जॅकची दोन्ही टोकं जमिनीला टेकवून ठेवतो. चालू केल्यावर ४५ सेकंदांनी हेडफोन जोडतो, तोवर व्हॉल्व्ह तापलेले आणि कपॅसिटर भरलेला असतो, धप्प आवाज येत नाही. आउटपुटवर दीड-दोन व्होल्ट डीसी दिसलं की दोन ट्रान्झिस्टरचा डिटेक्टर रिले लगेच सोडतो.

रिलेला वीज फिलामेंटच्या वाइंडिंगवरून द्या, एचटीवरून नको. एचटी बंद केल्यावरही रेंगाळते, तिच्यावरचा रिले उशिरा सुटतो. लाइन जाताच रिले आधी सुटला पाहिजे.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर परवडत असेल तर मी तोच सुचवेन. सेकंडरीचं एक टोक ग्राउंडला, मग एचटी आणि कान यांच्यात कपॅसिटरऐवजी चांगलं इन्सुलेशन येतं.

काचेचा_दिवा

ताई, हे मी पुढच्या भागासाठी ठेवलं होतं, पण इथेच आलं ते बरं झालं. तुमचा रिले मुख्य नकाशातच घालतो.

त्याच १०० व्होल्टवरून फिलामेंटचं सांगतो. ६.३ चं वाइंडिंग तरंगत ठेवू नका. दोन १०० ओहमने मध्यबिंदू काढा आणि तो २०० व्होल्टवरून २२० आणि ६८ किलोओहमच्या विभाजकाने साधारण ४७ व्होल्टवर उचला. वरच्या कॅथोडला फरक ५० च्या आसपास राहतो, खालच्यालाही तेवढाच, आणि हम कमी होतो तो वेगळा. बायपासला १० मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा. ६३ चा पुरेल असं वाटतं, पण ६८ किलोओहम उघडा पडला की तिथे पूर्ण एचटी येते, व्हॉल्व्ह तापेपर्यंत ३२२ पर्यंतही. अ‍ॅडॅप्टरच्या पद्धतीत फिलामेंट ग्राउंडवरच राहील, ईसीसी९९ ला ते १०० व्होल्टचं अंतर चालतं. ईसीसी८८ लावणार असाल तर डेटाशीट आधी वाचा, त्यातल्या एका भागाची मर्यादा ५० व्होल्टच आहे.

नवीनच_आलोय

एचटीवर निऑन लावला तर तो विझला म्हणजे हात घालायला हरकत नाही, बरोबर?

रेडिओमेकॅनिक

नाही. निऑन ६० व्होल्टच्या आसपास विझतो, शून्याला नाही. पेटलेला निऑन धोका सांगतो, विझलेला काहीच सांगत नाही. मीटर लाव.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्बवर कर, ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, एलईडी नको. व्हॉल्व्ह काढून ठेव. क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर शॉर्ट आहे, बंद कर. मग बल्ब काढून थेट लाइनवर, पुन्हा व्हॉल्व्हशिवाय, तिन्ही कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोज. मीटरची काळी पिन मगरीच्या क्लिपने चासीला, लाल एका हाताने. बंद कर आणि ते खाली येताना बघ, मिनिटभरात ५० च्या आत आलं नाही तर एखादा ब्लीडर सुटलाय. मगच व्हॉल्व्ह. हेडफोनच्या जागी ३०० ओहमचा रेझिस्टर लावून तासभर चालू दे, त्यावर डीसी मोज. आणि पहिले काही दिवस जुना, स्वस्त हेडफोन वापर. अंगठी, घड्याळ काढून बस. खोलीत दुसरं कुणीतरी असू दे, ज्याला मेन बटण कुठे आहे ते ठाऊक आहे.

कुडाळी_माणूस

मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळूनच घेणार आहे. वाइंडरला काय सांगू?

काचेचा_दिवा

चिठ्ठीवर असं लिहून द्या : प्रायमरी ०-२३०, ५० हर्ट्झ. सेकंडरी एक, ०-१८० व्होल्ट १०० मिलिअँपिअर. सेकंडरी दोन, ०-६.३ व्होल्ट २.५ अँपिअर. दोन खणांचा बॉबिन, प्रायमरी एका खणात, दोन्ही सेकंडरी दुसऱ्यात. तसा बॉबिन नसेल तर प्रायमरी-सेकंडरीमध्ये तांब्याच्या पत्र्याची शील्ड, पत्र्याची टोकं एकमेकांना न टेकता मधे इन्सुलेशन, आणि शील्डची वायर वेगळी बाहेर, ती आपण अर्थला जोडणार. प्रायमरीत १३० अंशांचा थर्मल फ्यूज. गुंडाळून झाल्यावर वार्निश भरून भट्टीत सुकवलेला, तुमच्या हवेला हे नक्की सांगा. घेताना ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) प्रायमरी-सेकंडरी, प्रायमरी-कोअर आणि सेकंडरी-कोअर तिन्ही तपासून घ्या. १०० मेगाओहमच्या खाली दिसला तर घेऊ नका.

जॅकसकट पूर्ण नकाशा रिले घालून रविवारी टाकतो.